पत्र्याखालचे दिवस

१२ जुलै २०२४, शुक्रवार
लेडीज हॉस्टेल, बेळगाव

रचना गं,

आज आठवा दिवस, तुझा फोन बंद आहे. आधी एक बाई कन्नडमध्ये सांगते, मग तीच इंग्रजीत सांगते, आणि मी दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकते. कुणास ठाऊक, तिसऱ्यांदा मराठीत ती काही वेगळं सांगायची. शेवटी ऑफिसात जाऊन तुझा घरचा पत्ता उतरवून घेतला. पोस्टातल्या माणसानं पाकीट देताना दोनदा विचारलं, "स्पीड पोस्ट न्हाय? साधंच?" साधंच, म्हटलं.

पाऊस चालूच आहे. सकाळ, दुपार असं काही उरलेलंच नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत एकच राखाडी उजेड, आणि त्यात छत्र्या इकडून तिकडे जातात. ग्राउंडवर बदकं आली आहेत. खोटं वाटेल, पण खरंच आली आहेत.

काल फर्स्ट इयरच्या चार मुलींना आपला पत्रा दाखवायला नेलं. त्या विचारत होत्या, "आक्का, बोर्डावर तर विद्यार्थी केंद्र लिहिलंय, मग तुम्ही पत्रा का म्हणता?" मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सर आली. वर नुसता धडधडाट. माझे ओठ हलताना त्यांना दिसत होते, शब्द एकही ऐकू जात नव्हता. चौघी वर छताकडे बघत बसल्या. त्यांना उत्तर मिळालं.

मग त्या गेल्याच नाहीत. तुला माहीत आहे तिथं काय होतं ते. बाहेर कुठे जाता येत नाही म्हटल्यावर माणूस सैल होतो. पाचही कॅरम बोर्डांवर पिवळे दिवे लोंबत होते, बोर्डाला ओल धरू नये म्हणून, आणि बाकीचा हॉल अंधारात. दारातून बघितलं तर पाच पिवळी तळी आणि काठाला वाकलेली डोकी. कोपऱ्यात बुद्धिबळवाले दोघं सोमवारपासून एकच डाव खेळत आहेत. संध्याकाळी पट तसाच सोडून जातात आणि कुणी हात लावत नाही. टेबल टेनिसचा चेंडू कपाटाखाली गेला की अजून सगळे हसतात. चहावाल्या यल्लाप्पानं टेबलावर चुरमुऱ्यांचं गिरमिट सुरू केलंय. माझ्यासाठी कांदा न घातलेलं वेगळं काढून ठेवतो, न सांगता.

तुझी जागा रिकामी असते. कुणी बसतही नाही आणि का बसत नाही ते बोलतही नाही.

त्या दिवशी दुपारी तुझ्या रवळूकाकांच्या गाडीवर मागे बसून तू गेलीस. बॅगेला खताचं रिकामं पोतं गुंडाळलेलं होतं. मी आपल्या खोलीच्या खिडकीतून हाक मारली होती. पावसात तुला ऐकू आली नसेल.

काय झालं ते कळव. काही लागलं तर कळव. नोट्स मी दोघींच्या काढते आहे.

तुझी,
दिव्या


२३ जुलै २०२४, मंगळवार

रचना,

उत्तर आलं नाही. गावाकडे पोस्ट उशिरा पोचत असेल. ओढ्यावरून पाणी आलं की तुमच्याकडे एसटीसुद्धा येत नाही, हे तूच सांगितलं होतंस.

आमचा चातुर्मास सुरू झाला. आईचा निपाणीहून रोज फोन, "दिवस मावळायच्या आत जेवलीस का?" दिवस कधी मावळतो ते कळायला आधी दिसायला तर पाहिजे ना. काल पत्र्यात बसले होते, बाहेर एवढा काळोख की वाटलं, संपलं, आज उपास. यल्लाप्पा म्हणाला, "अजून चारच वाजल्यात बाई." चार वाजता मी जेवले. मग पाच वाजता ढग फाटला आणि सगळ्या हॉलभर ऊन आलं, हवेत उडालेल्या पावडरीचे कण दिसायला लागले, आणि सगळ्यांनी खेळायचं थांबवून नुसतं बघितलं. दोन मिनिटं. मग परत काळोख.

मला वाटतं, इथं बसून आपलं अर्धं कॉलेज आपण स्वप्नातच काढलं. मागच्या दोन पावसाळ्यांत तू आणि मी किती डाव खेळलो असू? तू मारायचीस आणि मी राखायची. तू कधी वळून सांगितलं नाहीस की आता कुठली सोंगटी. मला कळायचं.

समर्थ हल्ली एकटाच बोर्डावर बसतो, दोन्ही बाजूंनी मारतो. झोनल स्पर्धेतून त्यानं नाव काढून घेतलं. सरांनी दुसरी जोडीदार घे म्हटलं तर म्हणाला, "एवढ्यात अँगल जुळत न्हाईत सर."

हे तुला लिहायचं नव्हतं. पण लिहिलंय तर पुढचंही लिहिते. जूनच्या शेवटी नोटीस लागली होती, एका मुलीनं एकाच प्रकारात खेळायचं. आपण दोघी डबल्स खेळणार असं मी धरूनच चालले होते. तू मिक्स्डमध्ये समर्थबरोबर नाव दिलंस. मला नोटीस बोर्डावर वाचून कळलं. तू आधी सांगायला हवं होतंस, एवढंच माझं म्हणणं होतं. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि पाचव्या दिवशी तू गेलीस.

अटेंडन्सचं बघ. सप्टेंबर निम्मा व्हायच्या आत आली नाहीस तर परीक्षेला बसू देणार नाहीत, अख्खं वर्ष जाईल. आणि हॉस्टेलवरची मंगल सांगत होती, तिच्या गावात तुझ्यासाठी स्थळ बघतायत अशी बोलवा आहे. खरं नसेल.

काका आले तेव्हा गेटवर मीच होते, हे तुला कळलं असेल. त्यांनी विचारलं, रचना कुठं आहे. मी म्हटलं, पत्र्यात आहे. एवढंच सांगितलं.

आणि हो, मी खिडकीतून हाक मारली नव्हती. मारावी असं वाटलं होतं.

दिव्या


६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

रचना,

दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत मी खोटं बोलले. तू वाचतेस की नाही ते माहीत नाही. तरी हे लिहिते.

त्या दिवशी काका गेटवर आले तेव्हा हसत होते. हातात तांदळाच्या पापडांचा डबा होता, तुझ्या आईनं दिलेला. डोक्यावरची टोपी पिळत म्हणाले, "बाळ, आमची रचना कुठं हाय गं? फोन उचलंना."

मी म्हणू शकले असते, थांबा, बोलावून आणते. तीस पावलांवर तर पत्रा आहे.

मी म्हणाले, "ती काय, रोजच तिकडं पोरांच्यात असती. अभ्यासाचं काय खरं न्हाय. तुम्हाला घरात कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

काकांचं हसू तिथंच थांबलं. मला ते दिसलं. दिसल्यावरही मी गप्प बसले नाही. "समर्थ म्हणून एक पोरगा हाय अनगोळचा, त्याच्यासंगं," असंही म्हणाले. नाव त्यांनी विचारलं नव्हतं. मी दिलं.

तुझं आणि समर्थचं काही नव्हतं, हे सगळ्या कॉलेजात मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तो तुझ्याशी कोनांशिवाय दुसरं काही बोलायचा नाही. तू त्याला घेतलंस कारण तो चांगला खेळतो, आणि मी बरी खेळते. ते मला सोसलं नाही. घरी तुला एखाद्या दिवशी कोणीतरी रागवावं, तू रडत माझ्याकडे यावीस, एवढंच मला पाहिजे होतं. खरंच एवढंच. ते तुला घेऊनच जातील असं वाटलं नव्हतं.

पण रचना, मी हे पहिल्या दिवसापासून स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, "वाटलं नव्हतं, वाटलं नव्हतं", की आता ते मलाच खरं वाटत नाही. घरात मुलीबद्दल असं काही कानावर गेलं की काय होतं, हे निपाणीत वाढलेल्या मुलीला माहीत नसतं का?

पापडांचा डबा काका गेटवरच विसरून गेले. तो माझ्या कपाटात आहे. उघडला नाही.

पत्र्यात जायचं मी बंद केलंय. खोलीत बसते. सर आली की इथूनही त्याचा आवाज येतो.

दिव्या शांतिनाथ मगदूम


२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

रचना,

शनिवारी तुझे आप्पा आले होते. तुला घरी त्यांनी किती सांगितलं असेल मला माहीत नाही, म्हणून जे झालं ते सगळं लिहिते.

दुपारी दोनच्या सुमाराला वॉचमननं निरोप दिला, कोणी परशराम पाटील भेटायला आलेत. खाली आले तर गेटवर कोणी नाही. वॉचमन म्हणाला, "पत्रा कुठं हाय म्हणून इचारलं, तिकडं गेले."

मी धावत गेले. ते दारात उभे होते. रेनकोट काढून त्याची नीट घडी घातली, चपला एका बाजूला सरळ ठेवल्या, देवळात शिरावं तसे. यल्लाप्पानं बघितलं आणि कोणाचे कोण ते न विचारता खुर्ची पुढे सरकवली. "बर्री, कुंद्री," म्हणाला. ते बसले. चहा घेतला. मी मागच्या भिंतीशी उभी. मला वाटलं, आता उठतील आणि प्रिन्सिपॉलकडे जातील.

ते उठलेच नाहीत. तास झाला. बुद्धिबळवाल्यांचा डाव बघितला, तिकडून टेबल टेनिस बघितलं. चेंडू त्यांच्या पायाशी आला तर उचलून दोन्ही हातांनी परत दिला. मंगल आणि त्या फर्स्ट इयरच्या मुली भेंड्या लावून गात होत्या, ते ऐकत मान हलवत होते. मग चौथ्या बोर्डावरून समर्थनं हाक मारली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

"काका, एक भिडू कमी हाय. बसताय?"

"मला येत न्हाय रं."

"आम्हाला तरी कुठं येतंय."

ते बसले. स्ट्रायकर हातात घेऊन विचारलं, "नाव काय तुझं?"

"समर्थ. अनगोळात असतो."

रचना, त्यांचा हात बोर्डावर थांबला. दिव्याखाली मला त्यांची बोटं स्पष्ट दिसत होती, नखांत चिखल, आणि स्ट्रायकर त्या बोटांत अगदी छोटा. समर्थ त्यांच्याकडे बघून हसत होता, आता मारा म्हणून. तेवढ्यात पत्र्यावर सर आली आणि सगळ्या हॉलचा आवाज गेला. त्या धडधडाटात आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग त्यांनी स्ट्रायकर मारला. सोंगट्या फुटल्या, एकही गेली नाही. समर्थ उठून त्यांच्या बाजूला गेला, त्यांचा अंगठा धरून कुठं ठेवायचा ते दाखवलं, बोटानं बोर्डावर रेघ ओढून कोन सांगायला लागला. ऐकू काही येत नव्हतं. आप्पा शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलवत होते. चौथ्या की पाचव्या वेळेला एक काळी सोंगटी गेली आणि ते मोठ्यानं हसले. तुझ्यासारखं हसतात, खांदे हलवून.

पाऊस उतरल्यावर ते सरळ माझ्याकडे आले. मी कोण ते कोणी सांगितलेलं नव्हतं. मी एकटीच भिंतीला चिकटून होते म्हणून ओळखलं असेल.

"दिव्या न्हवं?"

मी मान हलवली.

त्यांनी शर्टाच्या आतून दुधाची पिशवी काढली, तीत माझी तिन्ही पत्रं. म्हणाले, "पयलं मी रागानं फोडलं. दुसरं वाचायसाठी फोडलं. तिसरं वाचलं आणि जेवण ग्वाड लागलं न्हाय."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

"रवळूनं सांगितलं आणि मी ऐकलं. पोरीला एका शब्दानं इचारलं न्हाय. तिनं बी तोंड उघडलं न्हाय. दीड म्हैना झाला, एका घरात दोघं गप हाव. तू लिवलंस त्ये बघावं म्हणून आलो. मला वाटलं हुतं, काय अड्डा हाय का काय." त्यांनी हॉलकडे बघितलं. "ह्ये तर लई बरं हाय की गं. पावसात बसायला."

मग म्हणाले, "पोरीला म्हैन्याअखेर परत धाडतो. स्थळाचं बी मोडलं मी. ही पत्रं अजून तिला दिल्याली न्हाईत. आता देनार. पण ह्ये तिसरं," ते पाकीट त्यांनी वेगळं काढलं, "ह्ये पायजे तर तू परत घे. मी कुणाला बोलत न्हाय. रवळूला बी सांगतो गप बस म्हणून. झालं त्ये झालं. पोरीला मैत्रीण लागती."

मी ते घेतलं.

हेच सांगायला मी हे पत्र लिहायला बसले. मी ते घेतलं, रचना. नको म्हटलं नाही, विचार करते म्हटलं नाही. हात पुढे केला आणि घेतलं. ते गेले, त्यांना नमस्कार करायचंही राहून गेलं.

शनिवारी संध्याकाळी मी पोटभर जेवले. रविवारी पत्र्यात गेले आणि दोन डाव जिंकले. अंगावरचं ओलं घोंगडं कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. तू येणार, मी रडणार, तू म्हणणार काय येडी आहेस, आणि आपण परत त्या पिवळ्या दिव्याखाली बसणार. सगळं मी बघून ठेवलं होतं.

काल त्या फर्स्ट इयरच्या मुलींपैकी एकीनं, दीपालीनं विचारलं, "आक्का, तुमची पार्टनर का गेली हो?" मी सोंगट्या लावत होते. मान वर न करता म्हटलं, "घरची अडचण होती गं तिची. येईल आता." इतकं सहज निघालं तोंडातून की मीच दचकले. सोंगट्या लावायची थांबलेसुद्धा नव्हते. असंच मी आयुष्यभर सांगू शकेन, तुलासुद्धा, तुझ्या लग्नात, तुझ्या मुलांसमोर. कधी अडखळणार नाही.

म्हणून तिसरं पत्र या पाकिटात घालते आहे. आधी ते वाच. आप्पांना सांग, त्यांनी माझ्यासाठी केलं ते मला कळलं. पण ते मला झेपणार नाही.

पापडांचा डबा त्यांच्याजवळच द्यायचा होता. तोही राहिला.

दिव्या


४ सप्टेंबर २०२४, बुधवार

रचना,

तू दोन मजले वर राहतेस आणि मी पत्र लिहिते आहे. हे तुझ्या जर्नलच्या वहीत ठेवेन, आज दुपारी तू मला उतरवायला दिलीस तिच्यातच.

रविवारी तू आलीस ते मी बघितलं. या वेळेला आप्पा स्वतः सोडायला आले होते. तू वॉर्डनकडून वरची खोली मागून घेतलीस. सोमवारी जिन्यात माझ्या अंगावरून गेलीस, भिंत असावी तशी. मंगळवारी मेसमध्ये ताट घेऊन उठून दुसऱ्या टेबलावर गेलीस. मी वाईट वाटून घेतलं नाही, असं लिहिणार होते. वाटलं. पण तक्रार नाही.

मी ठरवलं होतं, पत्रा तुझा. मी तिकडे यायचं नाही. आज आले ती छत्रीसाठी. मंगलनं माझी छत्री तिथं सोडली होती आणि मला लॅबला जायचं होतं. दारातून हळूच घेऊन परत फिरणार, तर तू बोर्डावरून मान वर केलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "ए निपाणी. हिकडं ये."

समर्थ उठून यल्लाप्पाकडे गेला. दीपालीही गेली. आपण दोघीच राहिलो. तू जे बोललीस ते मी इथं लिहून ठेवते, कारण मला त्यातला एकही शब्द नंतर बदलायचा नाही.

तू म्हणालीस, "मला गाडीवरच कळलं होतं. काकानं नाव न्हाय सांगितलं. तुझ्याच खोलीतली, निपाणीची, एवढं म्हणाला."

मी म्हटलं, "म्हणजे सगळं…"

"सगळं. दीड महिना. आप्पांनी दोन पत्रं दिली ती वाचली. 'पत्र्यात आहे, एवढंच सांगितलं.' त्या ओळीवर आले आणि उठून चुलीजवळ गेले. घालणार होते आत. कॉलेजात परत आले तरी तुझं तोंड बघायचं न्हाय असं ठरवलं. आप्पा बघत हुते. काय बोलले न्हाईत. मग चार दिवसांनी तुझं ते जाड पाकीट आलं."

तू स्ट्रायकर बोर्डावर उगाच गोल फिरवत होतीस. मी उभीच होते.

"म्हणून काय माझा राग गेला न्हाय," तू म्हणालीस. "दोन महिने गेलेत माझे. अटेंडन्ससाठी एचओडींसमोर हात जोडाय लागले. आई अजून नीट बोलत न्हाय माझ्याशी, तिला वाटतंय काय तरी असणारच. ते कोण निस्तरणार? मी लई दिवस चिडणार हाय तुझ्यावर."

"व्हय," मी म्हटलं.

"आणि चिडायला माणूस समोर पायजे. वरच्या खोलीत एकटीनं बसून चिडता येत न्हाय, दोन दिवस बघितलं करून. बस हितं."

मी बसले. लॅब बुडाली. तू समर्थला हाक मारलीस आणि खेळायला लागलीस, आणि मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्यानंतर सव्वा तास तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. फक्त जाताना जर्नलची वही माझ्यासमोर आपटलीस, "सात प्रॅक्टिकलं राहिल्यात. उतरव."

बाहेर तेव्हा झिमझिम चालली होती. तू डोक्यावर ओढणी घेऊन पळत गेलीस. मी तिथंच थोडा वेळ बसून राहिले. कोणी मला काही विचारलं नाही.

सातपैकी चार उतरवली आहेत. आकृत्या पेन्सिलीनं काढल्या आहेत, चुकल्या असल्या तर खोड. उद्या दुपारी मला तास नाही. मी येऊन बसेन. तू बोलली नाहीस तरी चालेल, चिडलीस तरी चालेल.

दिव्या
खोली सत्तावीस